काढता येणारा पिंजरा

स्वतःच्या धडधाकट गाडीच्या तळाला भोक पाडायला मन धजावत नाही. ड्रायव्हरची सीट काढलेली, मागची सीटही काढलेली, गालिचा गुंडाळून बाजूला सारलेला आणि त्या रिकाम्या जागेत मी ड्रिल धरून उकिडवी बसलेली. समोर उघडा पत्रा, त्यावर मार्करने केलेल्या तीन फुल्या. पंच मारून झाला होता. खालून ब्रेकची नळी जात नाही ना, हे दोनदा गाडीखाली सरपटून पाहून झालं होतं. तरी मी थांबायला आणखी एखादं कारण शोधत होते. शेवटी ट्रिगर दाबला आणि दुसऱ्या सेकंदाला बिट आरपार. मला वाटलं होतं, निदान थोडी झटापट होईल. पण तळाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, कदाचित तेवढाही नाही. भोकातून उजेडाची तिरीप वर आली आणि खालची फरशी दिसली.

गाडी उलटली तर जीव वाचवणारी लोखंडी चौकट मी या पत्र्यावर उभी करणार होते.

रोल केज, म्हणजे ही पाईपांची चौकट, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : बोल्टवाला की वेल्डवाला? मी दीड वर्ष हा प्रश्न विचारत फिरले. उत्तरं दोनच प्रकारची मिळाली. एक, "वेल्डच कर, बोल्ट म्हणजे खेळणं." दुसरं, "बोल्टवाला घे, उद्या मन बदललं तर काढून टाकता येतो." पहिलं मला पटलं नाही, तेही चुकीच्या कारणासाठी. दुसरं पटलं, तेही चुकीच्या कारणासाठी. गाडी तेव्हा एकच होती. लहानशी हॅचबॅक, आठवडाभर ऑफिसला नेणारी, आणि वर्षातून सहा-सात रविवारी ट्रॅकवर किंवा हिलक्लाइंबला, म्हणजे चढाच्या रस्त्यावरच्या शर्यतीला, घाम गाळणारी. या दोन्ही कामांना ती पुरेल आणि मला काहीच सोडावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. त्या हिशेबात "काढता येतो" हे दोन शब्द चपखल बसत होते.

आधी बोल्टबद्दल बोलते, कारण त्याची बदनामी फुकटची आहे. बोल्ट सुटेल, तुटेल, ऐन वेळी दगा देईल, अशी लोकांना धास्ती असते. प्रत्यक्षात ८.८ दर्जाचा एम-८ बोल्ट, म्हणजे आठ मिलिमीटरचा, करंगळीहूनही बारीक, नुसता ताणून तोडायचा तर त्याला जवळजवळ तीन टन वजन टांगावं लागतं. डोक्यावर कोरलेल्या ८.८ मधला पहिला आठ म्हणजे चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत बोल्ट ताणला तरी पुन्हा मूळ लांबीवर येतो. असे तीन बोल्ट एका पायाला. बोल्ट कुठे जात नाही. जातो तो पत्रा.

गाडी टपावर आदळली की सगळा भार मुख्य कमानीतून, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागे उभ्या असलेल्या त्या उलट्या 'यू'मधून, खाली तिच्या पायांत उतरतो. पाय पातळ पत्र्यावर टेकलेला असेल तर चिखलात काठी रुतावी तसा पाईप तळ फोडून बाहेर जातो. जितका तो खाली जाईल तितकी वरची कमान डोक्याकडे सरकते. म्हणून पायाखाली पट्टी लागते. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत, परिशिष्ट 'जे'मधलं २५३ वं कलम या पट्टीबद्दल फार काटेकोर आहे : मुख्य आणि पुढच्या कमानीच्या पायांखाली किमान ३ मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची, मागच्या तिरप्या टेकूंखाली ६० ची. १२० चौरस सेंटिमीटर म्हणजे साधारण तळहाताएवढी. त्यावर पायागणिक किमान तीन एम-८ बोल्ट, मागच्या टेकूंना दोन.

आणि ही पट्टी गाडीच्या बॉडीला वेल्ड केलेली हवी, असं तेच कलम सांगतं. वर बोल्ट, खाली वेल्ड! वेल्डिंगची भानगड नको म्हणून मी बोल्टवाला केज घेतला होता, आणि तो नियमाने बसवायचा तर सहा ठिकाणी वेल्डिंग करावं लागणार होतं. सगळीकडे हाच नियम आहे असं नाही. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतींच्या, एनएचआरए या संघटनेच्या नियमांत रोल बारसाठी, म्हणजे नुसत्या मागच्या कमानीसाठी, तळाच्या वर आणि खाली सहा इंच चौरस पट्ट्या ठेवून मधून चार बोल्ट आवळले तरी चालतात. माझ्याही डोक्यात तसंच काहीतरी होतं, एक मोकळी पट्टी खाली धरायची आणि नट फिरवायचे. शर्यतीआधी गाड्या तपासणाऱ्या गृहस्थांना सहज फोन केला तेव्हा त्यांनी शांतपणे कलम वाचून दाखवलं. किट घरी येऊन पडलं होतं आणि तीन भोकं पाडून झाली होती.

त्या रात्री मी आणखी एक आकडा वाचला. एखाद्या केजची ताकद चाचणीने सिद्ध करायची असेल तर मुख्य कमानीवर वरून दाब देतात. गाडीचं वजन अधिक १५० किलो, आणि त्या बेरजेच्या साडेसातपट. माझी गाडी हजार किलोची धरली तर ११५० गुणिले साडेसात, म्हणजे साडेआठ टनांच्या वर. हा गुणाकार मी फोनवर दोनदा केला. मग खाली जाऊन त्या भोकातून दिसणाऱ्या फरशीकडे पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी सहा पट्ट्या कापल्या, तळाच्या उंचवट्यांप्रमाणे ठोकून वाकवल्या आणि चारही कडांनी वेल्ड केल्या. काम चालू असताना ते एकदाच बोलले : "ताई, आता हे काय निघायचं नाही." मी म्हटलं, "केज निघेल ना." ते म्हणाले, "केज निघेल."

बोल्टवाला केज तुकड्यांत येतो, कारण तो गाडीच्या दारातून आत शिरला पाहिजे. मुख्य कमान अखंड, बाकीचे पाईप बाही घालून किंवा क्लॅम्पने जोडायचे. कमान डिकीतून आत घेताना दोन माणसं आणि बरीच शिवीगाळ लागते. बसवण्याआधी मी वाकवलेल्या जागी व्हर्निअर लावून पाहिला. पाईप वाकवताना चपटा होतो. लहान व्यास मोठ्याच्या ०.९ पटीपेक्षा कमी भरता कामा नये आणि वाकाची त्रिज्या पाईपच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, असा नियम आहे. माझ्या ४५ च्या पाईपला वाकावर ४३.६ आणि ४५.९ भरले. ०.९५. आतल्या बाजूला सुरकुती नाही. मला उगाचच आपण तो पाईप वाकवल्यासारखा अभिमान वाटला.

मापांचं थोडं सांगते, कारण इथे एक छान कोडं आहे. मुख्य कमानीला दोन मापं चालतात : ४५ मिलिमीटर व्यास नि अडीच मिलिमीटर जाडी, किंवा ५० व्यास नि दोन जाडी. हिशेब केला तर दुसरा पाईप मीटरमागे पाव किलो हलका भरतो आणि तरी वाकायला सुमारे पंधरा टक्के जास्त ताठ. धातू मधल्या अक्षापासून जितका दूर तितका तो वाकायला विरोध करतो, आणि इथे अंतराचं वजन जाडीपेक्षा भारी पडतं. मग सगळे ५० चाच का घेत नाहीत? ते पाच मिलिमीटर कुठून तरी यावे लागतात, आणि ते बहुतेक डोक्यावरच्या मोकळ्या जागेतून येतात म्हणून.

जागेचीच मारामारी बोल्टवाल्या केजमध्ये सगळ्यात जास्त. तो त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत बसला पाहिजे, आणि कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्याही मिलिमीटरपर्यंत सारख्या नसतात. म्हणून बनवणारा चारी बाजूंनी थोडी फट सोडतो. कमान टपापासून खाली, पुढचे पाईप पिलरपासून, म्हणजे टप पेलणाऱ्या खांबांपासून, आत. हेल्मेट घालून बसले की माझ्या डोक्यावर दोन बोटांची जागा उरायची, आणि डावीकडच्या आरशात बघायला मान वाकडी करावी लागायची. शिवाय पाईप पिलरला कुठेच चिकटलेला नाही. गाडीचा सांगाडा आणि केज हे एकाच घरात राहणारे दोन भाडेकरू, भेट काय ती सहा पायांपाशी.

बोल्ट आवळण्याचीही एक गोष्ट आहे. प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला. पहिल्या शर्यतीनंतर मी टॉर्च घेऊन सगळ्या रेघा पाहिल्या. एकही हललेली नव्हती. तरी सवय म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा पाना, नेहमीच्या जोरावर लावून टाकला, तर बोल्ट पाव फेरा गेला. मी दचकलेच. नंतर कळलं : पट्टीवर मी हौसेने तीन थर रंग दिला होता. तो रंग दाबाखाली चेपला आणि बोल्टचा ताण उतरला, बोल्ट न फिरताच. रेघ खरं बोलत होती, पण अर्धंच. पुढच्या खेपेला पट्टीची वरची बाजू घासून उघडी केली, पातळ प्रायमर मारला आणि तेव्हापासून कटकट मिटली. हे कुठल्या सूचनापत्रकात लिहिलेलं नव्हतं.

आता त्या दोन शब्दांकडे येते. तो काढता येणारा केज मी चार वर्षांत किती वेळा काढला? एकदा. विकताना.

काढायचा म्हणजे काय, ते बसवताना ध्यानात आलं नव्हतं. दोन्ही सीटा, सीटबेल्ट अडकवायचे बोल्ट, पिलरवरची प्लास्टिकची आवरणं, गालिचा, मग क्लॅम्प, मग पाय. शनिवार-रविवार त्यात जातो आणि सोमवारी परत ऑफिस. आवरणं तर पाईपसाठी मी कापलीच होती, गालिच्याला खिडक्या पाडल्या होत्या. केज नसलेली गाडी आता भोकांची आणि फाटक्या कडांची गाडी झाली असती. मग तो तसाच राहिला. मी सोमवार ते शुक्रवार पिंजऱ्यात बसून ऑफिसला जात राहिले. सुरुवातीला सिग्नलवर लोक वळून बघायचे, ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग एका संध्याकाळी सिग्नलला उभी असताना मागून कुणीतरी ठोकली. वेग रांगण्याचा, बंपरला ओरखडासुद्धा धड उमटला नाही. पण मी नेमकी बाजूच्या आरशात पाहत होते, डोकं थोडं बाहेर झुकलेलं, आणि दारावरून जाणाऱ्या पाईपवर कानशील आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकणं हा नुसता वाक्प्रचार नाही, हे त्या दिवशी कळलं. पाईपवर मी एसीच्या नळीवर चढवतात तो काळा मऊ फोम लावला होता. हाताला छान लागायचा. डोक्याला त्याचा काही उपयोग नव्हता, तो एका क्षणात चेपून कागदाएवढा झाला. केजसाठीचं खरं पॅडिंग वेगळं असतं, एफआयएच्या ८८५७-२००१ या मानकाचं. अंगठ्याने दाबलं तर जेमतेम दबतं. आणि तेसुद्धा हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी असतं, उघड्या डोक्यासाठी नाही.

शर्यतीत मी हेल्मेट घालते, बकेट सीटमध्ये रुतून बसते, सहा पट्ट्यांच्या हार्नेसने जखडलेली असते. डोकं जिथे जाऊ शकतं तिथे पाईप नसतो, आणि पाईप असेल तिथे डोक्यावर टोपडं असतं. ही सगळी व्यवस्था एकत्र काम करते. रोजच्या रस्त्यावर मी साधा तीन टोकांचा पट्टा लावते, केस मोकळे, मान सगळीकडे फिरणारी. तो पट्टा माणसाला पुढे-बाजूला बराच हलू देतो, कारण मूळ गाडीत तेवढ्या अंतरात लोखंड नसतं, एअरबॅग असते. तिथे मी जाड पाईप आणून ठेवला होता. टपाच्या कडेतून खाली उलगडणारी पडद्यासारखी एअरबॅग असलेली गाडी असती तर तिच्याही वाटेत तो आला असता. उलटण्याची शक्यता लाखात एक, आणि मागून कुणी ठोकण्याची रोजची. मी पहिलीसाठी तयारी करून दुसरी धोकादायक करून ठेवली होती.

उलटीही चूक होते. एका ओळखीच्या मुलाने रोजच्या गाडीत नुसता हार्नेस लावला होता, कमान नाही. गाडी उलटून टप खाली दबला तर तीन टोकांच्या पट्ट्यातला माणूस निदान बाजूला कलंडतो. हार्नेसने ताठ बांधलेला कुठे जाणार? खांद्याच्या पट्ट्यांना मागे योग्य उंचीवर धरायला काही नव्हतं, म्हणून त्याने त्या सरळ तळाला बांधल्या होत्या. मागे जाताना पट्ट्यांचा उतार ४५ अंशांहून जास्त नको, आणि शक्यतो दहाच्या आतच हवा. त्याचा उतार घसरगुंडीसारखा होता. आदळल्यावर पट्ट्या मणका खाली दाबतात. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या डोक्याला काय झालं?

त्यानंतर मी दुसरी गाडी घेतली. त्याच मॉडेलची, इंजिन बसलेली पण सांगाडा निरोगी. फक्त शर्यतीसाठी. आणि वेल्डवाल्या केजसाठी पुन्हा त्याच दादांकडे गेले.

ते सहा आठवडे मी कधीच विसरणार नाही. गाडी आधी इतकी रिकामी करतात की ओळखू येत नाही. वायरिंग, काचा, डॅशबोर्ड, टपाचं अस्तर, सगळं बाहेर. तळावर आवाज दाबण्यासाठी चिकटवलेले डांबरी तक्ते खरवडून काढायचे. हे काम माझ्याकडे होतं आणि त्याचा वास आठवडाभर केसांतून गेला नाही. जिथे जिथे वेल्ड येणार तिथे रंग नि जस्ताचा थर घासून पांढरा पत्रा उघडा करायचा. जस्त जळलं की धूर होतो, तो छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरते. सांगाडा चार ठोकळ्यांवर अगदी सपाट बसवायचा आणि दारं मात्र लावून ठेवायची. ती का, ते नंतर कळलं.

एक पाईप दुसऱ्याला जिथे भिडतो तिथे त्याच्या टोकाला माशाच्या जबड्यासारखी खाच पाडतात. दादा ती ग्राइंडरने थोडी थोडी खात खात बसवायचे. जोड लावायचा, उजेडाकडे धरायचा, काढायचा, पुन्हा घासायचा. फटीतून उजेड दिसता कामा नये. मी एकदा म्हटलं, वेल्डचा धातू भरेलच की ती फट. ते म्हणाले, "फट भरायला वेल्ड नसते." मग आधी सगळीकडे नुसते टाके, टाक्यांवर उभा केज, पुन्हा मापं, आणि मगच पूर्ण वेल्ड.

पण माझा खरा प्रश्न वेगळाच होता. केज टपाला इतका चिकटून आहे की मध्ये बोटसुद्धा जात नाही. मग पाईपच्या वरच्या बाजूला वेल्ड कशी करणार? वेल्डिंगची टॉर्च तिथे शिरणारच नाही. आणि जोड पूर्ण गोल वेल्ड झाला पाहिजे, तीन बाजूंनी करून चौथी सोडून देता येत नाही. काही ठिकाणी टप कापून काढतात हे मी वाचलं होतं. दादांनी टपाला हात लावला नाही. त्यांनी पायांच्या जागी तळालाच मोठी भोकं पाडली, टाक्यांवरचा अख्खा केज हळूहळू खाली सोडला, आणि त्याचे पाय गाडीच्या पोटातून बाहेर लोंबायला लागले. कमान टपापासून वीतभर खाली आली. आता वरून हात जात होता. त्यांनी माथ्यावरचे सगळे जोड गोल फिरून वेल्ड केले, केज जॅकने पुन्हा वर टपाला भिडवला, आणि भोकांवर जाड पट्ट्यांच्या पेट्या बांधून पाय त्यांवर उतरवले. तो लटकलेला केज पाहताना मला पहिल्यांदा कळलं की वेल्डवाला केज गाडीत "बसवत" नाहीत. गाडी त्याच्याभोवती पुन्हा बांधतात.

मग पिलरशी गाठी मारणं. कमान आणि पिलर यांच्यामध्ये भोकं पाडलेल्या छोट्या त्रिकोणी पट्ट्या, गॅसेट, वरपासून खालपर्यंत. पुढून दोन पाईप फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि माणसांमधल्या पत्र्यातून, पुढच्या सस्पेंशनचं वरचं टोक धरणाऱ्या टॉवरपर्यंत गेले. एक भाग वेल्ड झाला की दादा दार उघडून बंद करून बघायचे. वेल्ड थंड होताना आकसते आणि सांगाड्याला ओढते. दाराची फट वरून रुंद आणि खालून अरुंद व्हायला लागली की ते तिथलं काम थांबवून पलीकडच्या बाजूला जायचे. दारं त्यासाठी होती.

वेल्ड संपल्यावर मी म्हटलं, हे जोड जरा घासून गुळगुळीत करू या, रंग छान बसेल. ते हसले. मगाशी सांगितलेल्या एनएचआरएच्या नियमांत वेल्ड घासायला चक्क बंदी आहे, कारण घासताना नेमका जोडाचा मांसल भाग जातो आणि आत पोकळी राहिली असेल तर ती झाकली जाते. खवल्यांसारखी दिसणारी वेल्ड ही सही आहे, ती पुसायची नाही. मी क्रोममॉली या मिश्र पोलादाचंही विचारलं होतं, कारण ते नाव घेतलं की शर्यतवाल्यांचे डोळे चमकतात. त्यातलं ४१३० हे पोलाद साध्यापेक्षा कितीतरी बळकट खरं, म्हणून पातळ पाईप चालतो. पण ताठरपणा साध्या पोलादाइतकाच, २०० गिगापास्कलच्या आसपास, आणि एनएचआरए त्याला टिग वेल्डिंगच लावते. दादा मिग या दुसऱ्या पद्धतीने वेल्ड करणारे. साधा ओढीव, बिनजोडाचा पाईप घेतला आणि विषय संपवला.

पहिल्यांदा ती गाडी चाकांवर उतरवली तेव्हा मी पुढच्या उजव्या कोपऱ्याला जॅक लावला, काहीतरी किरकोळ बघायला. पुढचं चाक उचललं गेलं, आणि दोन-तीन दांडे मारले तर मागचं उजवं चाकही जमिनीवरून सुटलं. मी जॅक सोडून मागे जाऊन बघितलं, चाक हाताने फिरवलं. जुन्या गाडीत एक कोपरा उचलला की सांगाडाच पिळायचा, दार लागायचं नाही. ही अख्खी बाजू एका तक्त्यासारखी वर आली होती. ट्रॅकवर त्याचा अर्थ असा की अँटीरोल बार, म्हणजे वळणावर गाडीचं कलंडणं रोखणारी दांडी, एक खाच घट्ट केला तर ते कळतं. आधी मी बदललेली प्रत्येक गोष्ट सांगाडा गिळून टाकत होता.

केज काय करू शकतो याचं मला नेहमी आठवणारं उदाहरण २०१४ च्या जर्मनी रॅलीचं. थिएरी न्यूविलने रॅली सुरू होण्याआधीच्या सरावात ह्युंदाई द्राक्षमळ्याच्या उतारावरून कोलांट्या घेत खाली नेली. मेकॅनिकांनी राबून ती उभी केली आणि तीच गाडी रविवारी पहिली आली, जागतिक रॅली स्पर्धेतला ह्युंदाईचा पहिला विजय. हे वाचून छाती फुगते. पण २००५ च्या वेल्स रॅलीत मार्को मार्टिनची प्यूजो झाडावर आदळली, झाड नेमकं को-ड्रायव्हरच्या दारात आलं, आणि मायकल पार्क गेला. तीही वरच्या दर्जाची, वेल्ड केलेल्या केजची गाडी होती. आज त्या वर्गातल्या गाड्यांच्या दारांत ऊर्जा शोषणारा फोम भरलेला असतो. बाजूने येणारं झाड आणि माणसाचा खांदा यांच्यात वीत-दीड वीत अंतर, तिथे नुसत्या पाईपची हुशारी चालत नाही. माझी को-ड्रायव्हर दारातल्या फुलीच्या पाईपांवर हात ठेवून बसते. मी तिला हे दुसरं उदाहरण कधी सांगितलेलं नाही. तिला ते माहीत आहे, हे मला माहीत आहे.

मला आता कुणी विचारलं तर मी बोल्ट की वेल्ड यावर बोलतच नाही. विचारते, या गाडीतून सोमवारी कुठे जाणार आहेस? ऑफिसला म्हणाला तर पूर्ण केज नकोच, कुठलाच नको. फार तर मागे चार पायांची अर्धी कमान, तीही मागची सीट कायमची सोडायची तयारी असेल तर. पोर्शे ९११ जीटी३ च्या क्लबस्पोर्ट पॅकेजमध्ये अशीच बोल्टने बसवलेली मागची अर्धी चौकट देतात, ती उगाच नाही. गाडी ट्रेलरवरून नेणार असशील, नुकतीच सुरुवात असेल आणि दोन वर्षांत गाडी बदलायची असेल, तर बोल्टवाला, पट्ट्या वेल्ड करून. तिथे तो उत्तम आहे. मी त्याला खेळणं म्हणणार नाही. आणि गाडी एकदाची शर्यतीची झाली असेल तर वेल्ड, चांगल्या हाताची. वाईट हाताची वेल्ड मात्र बोल्टपेक्षा वाईट, कारण बोल्टचा कस निदान टॉर्क रेंचने बघता येतो.

एकच आहे, वेल्डवाल्यात हौसेला जागा नाही. माझ्या केजला प्रमाणपत्र आहे; त्यावर एक भोकही पाडता येत नाही, काही वेल्ड करता येत नाही, अपघातानंतर दुरुस्ती करायची तर बनवणाऱ्याच्याच हातून किंवा संमतीने. आग विझवण्याच्या सिलिंडरसाठी मला पाईपवर एक छोटी पट्टी हवी होती. दादा म्हणाले, तळाला लाव. मी तळाला लावली. आता भोक पाडताना हात थरथरत नाही.

जुना केज एका मुलाने नेला. आम्ही दोघांनी मिळून दिवसभर खपून तो काढला. पाईप गेले, क्लॅम्प गेले, बोल्टसुद्धा त्याने मोजून पिशवीत भरले. सहा पट्ट्या राहिल्या. त्या काढायच्या म्हणजे तळ कापायचा. मी भोकांना रबरी बुचं लावली, कडेने सीलंट फिरवला, मागची सीट माळ्यावरून आणून बसवली आणि गालिच्याच्या खिडक्या जमतील तशा झाकल्या. गाडी पुन्हा ऑफिसला जाते. उघड्या डोक्याने, साध्या पट्ट्याने.

परवा भाची मागे बसली होती. तिचा पाय गालिच्याच्या एका खिडकीत गेला आणि बुटाचं टोक बुचावर टेकलं. ते थोडं दबलं, परत वर आलं. तिने पुन्हा दाबलं.

"मावशी, हे बटण कशाचं?"

"बटण नाही गं, भोक आहे. बूच लावलंय."

"काढलं तर?"

गाडी उभीच होती. मी मागच्या दारात वाकून बूच उपटलं. आतून उजेडाची तीच तिरीप वर आली. तिने एक डोळा मिटला, दुसरा भोकाला लावला आणि बराच वेळ खालचा रस्ता बघत राहिली.